तोंडी नकार यापुढे चालणार नाही

हा इशारा छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीवरून दिला जात आहे. फळबाग, बांबू आणि बांधावरच्या वृक्षलागवडीच्या अनुदानाच्या फायली ज्यांच्या टेबलावर पडून आहेत, त्या प्रत्येक साहेबासाठी तो आहे. मुदत सात कामकाजाच्या दिवसांची. ज्याचे अनुदान रोखले किंवा कापले, ज्याच्या जमिनीचा गट योजनेतून वगळला, त्या प्रत्येक शेतकऱ्याच्या हाती तेवढ्या दिवसांत लेखी, कारणांसह, सही-शिक्क्याचा आदेश पडला पाहिजे.

सात दिवस हा आकडा आमचा नाही, तुमचाच आहे. बदल्या आणि कामातील विलंब यांबाबतचा २००५ चा कायदा, ज्याला सगळे दप्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात, त्याच्या कलम १० नुसार कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. जाणूनबुजून उशीर केला तर शिस्तभंगाची कारवाई होते. या कायद्यासाठी अण्णा हजारेंना उपोषणे करावी लागली. तो कपाटात ठेवायला केलेला नाही.

तुमच्याकडची उत्तरे आम्हाला पाठ झाली आहेत. 'त्रुटी आहे.' 'वरूनच बंद झालं.' 'पोर्टल घेत नाही.' 'पुढच्या आठवड्यात या.' कन्नड, फुलंब्री, पैठणहून एस.टी.ने आलेला माणूस हे ऐकतो, सुपारी हनुमानाला हात जोडतो, गुलमंडीवर चहा पितो आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातो. दिवसाचा रोजगार बुडाला, हाती कागद नाही. ही नुसती गैरसोय असती तर आम्ही पत्रक काढले नसते. तोंडी नकाराने त्या माणसाचे अपीलच मारले जाते. अपिलाची मुदत आदेशापासून मोजतात. आदेशच नसेल तर तो अपील कशाविरुद्ध करणार? आणि वर्षभराने त्याने अर्ज केला, की हेच कार्यालय त्याला सांगणार, 'मुदत संपली.'

हा डाव आता बंद करा. सर्वोच्च न्यायालयाने मोहिंदरसिंग गिल खटल्यात १९७७ मध्येच सांगितले आहे की आदेशात जी कारणे लिहिलेली नाहीत ती नंतर शपथपत्रातून घुसवता येत नाहीत. म्हणून 'निकषात बसत नाही' एवढ्या तीन शब्दांवर भागणार नाही. कोणता निकष, कोणत्या शासन निर्णयातला, मोका तपासणी कोणत्या तारखेला, कोणी केली, हे सगळे लिहा. अपील कोणाकडे आणि किती दिवसांत करायचे, तेही त्याच कागदावर लिहा.

आता गट वगळण्याविषयी. भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्क्यांनी मिळते. पुढचे हप्ते हवे असतील तर बागायतीत ९० टक्के आणि कोरडवाहूत ८० टक्के झाडे जगलेली हवीत. नियमाशी आमचे भांडण नाही, झाडे आम्ही जगवायलाच लावतो. पण झाडे कमी भरली तर शेतकऱ्याने स्वखर्चाने नांग्या भराव्यात, असेही त्याच योजनेत आहे. ती संधी न देता, मे महिन्यात बांधावर उभे राहून चार वाळकी रोपे मोजायची आणि अख्खा गट उडवायचा, हे कोणत्या निर्णयात लिहिले आहे ते दाखवा. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये सरकारनेच राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता. मराठवाड्यात अशी वर्षे पुन्हा पुन्हा येतात. त्या वर्षी वाळलेले झाड शेतकऱ्याचा हलगर्जीपणा ठरत असेल, तर दुष्काळ जाहीर करण्याला अर्थ काय?

समृद्धी महामार्गात वैजापूर, गंगापूरकडच्या कितीतरी गटांचे तुकडे गेले. तुकडा गेला तर तेवढेच क्षेत्र कमी करा. भावांत वाटणी झाली, बाप गेला आणि वारसांची नावे लागली, तर नावे बदला. झाडे जागची हललेली नाहीत. शेतकऱ्याला स्वतःच जमीन योजनेबाहेर काढायची असेल, तर किती रक्कम परत करायची आणि कशाच्या आधारे, हे आधी लेखी सांगा. शेतावर पंचनामा नाही, नोटीस नाही, आणि थेट सातबाऱ्यावर वसुलीचा बोजा, हे आम्ही चालू देणार नाही.

शेतकऱ्यांनाही दोन कडक शब्द. तलाठ्याकडून फेरफाराची नमुना ९ ची नोटीस आली तर ती देवळीत ठेवू नका, पंधरा दिवसांत लेखी हरकत द्या. फेरफार मंजूर झालाच तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे ६० दिवसांत अपील करा. पोचपावती आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय कोणताही कागद देऊ नका. 'साहेब आपले आहेत' म्हणणाऱ्या दलालाला एक रुपयाही देऊ नका. आणि ज्यांनी झाडे फक्त कागदावर लावली, त्यांनी आमच्यामागे लपू नये. त्यांची वकिली आम्ही करणार नाही. सरकारच्या ३३ कोटी वृक्षलागवडीची चौकशी २०२१ मध्ये विधिमंडळाच्या समितीकडे गेली होती, हे मात्र आमची रोपे मोजायला येणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. काटा दोन्हीकडे एकच लागेल.

मुदत संपली की आम्ही थांबणार नाही. ज्या सेवा अधिसूचित आहेत त्यांच्यासाठी २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली ३० दिवसांच्या आत पहिले अपील, मग दुसरे, मग आयोग. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड आहे, आणि तो आम्ही मागणार. कोणती सेवा अधिसूचित आहे आणि अपील अधिकारी कोण, हे फलकावर लावणे बंधनकारक आहे. फलक नसेल तर त्या भिंतीचा फोटोच अपिलाला जोडू. प्रत्येक फाईलमागे माहिती अधिकाराचा एक अर्ज जाईल: फाईल कोणत्या तारखेला कोणाच्या टेबलावर होती? तीस दिवसांत उत्तर आले नाही तर पहिले अपील, त्यानंतर राज्य माहिती आयोगाचे खंडपीठ याच शहरात आहे. तेवढ्यानेही भागले नाही तर जालना रोडवर उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे. तिथे वेगवेगळ्या गावांचे शेतकरी एकत्र रिट याचिका दाखल करतील.

आठव्या कामकाजाच्या दिवसापासून दिल्ली गेटच्या विभागीय आयुक्त कार्यालयासमोर धरणे धरले जाईल. पोलिसांना रीतसर पत्र देऊन, शांततेत, रस्ता न अडवता. धरणे उठवायला कोणी फक्त आश्वासन घेऊन येऊ नये, आदेश घेऊन यावे.

ज्यांचे अनुदान अडले किंवा गट वगळला, त्यांनी आठव्या कामकाजाच्या दिवशी सकाळी दहा वाजता गुलमंडीच्या चौकात यावे. सोबत सातबारा, आठ-अ, पूर्वसंमतीचे पत्र, रोपवाटिकेची पावती आणि झाडांचे तारखेसह फोटो आणावेत. अपिलाचे कोरे अर्ज तिथेच मिळतील. ते भरून झाले की सगळे मिळून दिल्ली गेटकडे निघू.