एका लॅपटॉपला दोन पडदे

बंगळूरच्या मराठी घरांतून अलीकडे एक नवे दृश्य पाहावयास मिळते. जेवणाच्या मेजाचा अर्धा भाग लॅपटॉपने आणि त्याच्या शेजारी उभ्या केलेल्या एका किंवा दोन मॉनिटरांनी व्यापलेला असतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, तिच्याबरोबर कचेरी घरात शिरली. आणि टाळेबंदी उठल्यावरही ती पुष्कळ घरांतून पुरती बाहेर पडली नाही.

इतके पडदे हवेत कशाला, असा प्रश्न वडील मंडळी विचारतात. भाषांतराचे काम करणाऱ्यास तरी ती चैन नव्हे. मूळ मजकूर एका पडद्यावर आणि मराठी दुसऱ्यावर असला म्हणजे नजर ओळ चुकत नाही. दोन्ही एकाच लहान पडद्यावर दाटीने बसविले तर मजकुराचे हाल होतात आणि मानेचेही. हिशेब तपासणाऱ्यांचा आणि संगणकाची आज्ञावली लिहिणाऱ्यांचा अनुभव ह्याहून वेगळा नसावा.

तेव्हा पडदे घ्यावेत की नाही, हा वाद आम्ही घालीत नाही. परंतु ते घेण्यापूर्वी, आपला लॅपटॉप किती पडदे चालवू शकतो हे पाहून घेणे अगत्याचे आहे. बहुतेक मंडळी नेमकी उलट क्रमाने जातात. मॉनिटर आधी घरी येतात आणि मग सादर पत्रप्पा रस्त्याची, म्हणजे बंगळूरकरांच्या एस. पी. रोडची, वारी सुरू होते. तेथील दुकानांत एक खाच घालून दोन खाचा देणारी ‘स्प्लिटर’ नावाची डबी स्वस्तात मिळते. घरी आणून जोडावी, तो दोन्ही मॉनिटरांवर एकच चित्र! त्यात डबीचा दोष नाही. आलेल्या एका चित्राच्या दोन प्रती काढणे एवढेच तिचे काम आहे; दुसरे चित्र निर्माण करणे तिच्या हाती नाही.

चित्र निर्माण होते ते लॅपटॉपच्या आत, आणि एका वेळी अशी किती चित्रे बाहेर पाठवावयाची ह्याची मर्यादा कारखान्यातच ठरलेली असते. बाहेरच्या खाचा मोजून ती कळत नाही. अॅपलच्या २०२० सालच्या एम-१ चिपच्या मॅकबुक एअरला दोन यू.एस.बी.-सी खाचा आहेत. तथापि बाहेरचा मॉनिटर तो एकच चालवितो. २०२४ च्या एम-३ एअरवर दोन चालतात, पण लॅपटॉपचे झाकण मिटलेले असावे लागते. ह्या गोष्टी खोक्यावर ठळक छापलेल्या नसतात. कंपनीच्या तपशीलपत्रात मात्र असतात. आपल्या नमुन्याचे नाव घेऊन ते अवश्य वाचावे.

यू.एस.बी.-सीच्या खाचेचा घोटाळा आणखी निराळा. आकार सगळीकडे सारखा, गुण मात्र सारखे नाहीत. एखादी खाच केवळ विद्युतभार घेते व फाइली ने-आण करते. दुसरी चित्रही वाहून नेते. खाचेशेजारी डिस्प्लेपोर्टची ‘डी’सारखी खूण किंवा थंडरबोल्टची वीज कोरलेली असेल तर चित्र जाईल असे समजावे. खूण नसली तर पुन्हा तपशीलपत्र हाच आधार.

विंडोजच्या पुष्कळ लॅपटॉपांवर एक मॉनिटर एच.डी.एम.आय. खाचेतून आणि दुसरा यू.एस.बी.-सीतून, अशी साधी व्यवस्था चालून जाते. काही मॉनिटरांना डिस्प्लेपोर्टची बाहेर जाणारी खाच असते. तिच्यातून एकापुढे दुसरा अशी साखळी गुंफता येते. मॅकवर ह्या साखळीचा उपयोग नाही. पुढच्या मॉनिटरवर आधीचेच चित्र उमटते. लॅपटॉपची मर्यादाच आड आली तर डिस्प्लेलिंक पद्धतीचा डॉक घ्यावा लागतो. तो चित्र आवळून यू.एस.बी.च्या वाटेने पाठवितो. त्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर बसवावे लागते, आणि लॅपटॉप कचेरीचा असेल तर तेथील तंत्रज्ञांच्या परवानगीवाचून ते बहुधा बसत नाही. सबब परवानगी आधी मागावी, डॉक मागाहून घ्यावा. अशा पडद्यावर काही संरक्षित चित्रपट दिसत नाहीत. नोकरीच्या कामास त्याने बाध येत नाही, ही गोष्ट वेगळी.

चित्राचा भार किती, ह्याचाही हिशेब ठेवावा. १९२० गुणिले १०८० बिंदूंचे चित्र सेकंदास साठ वेळा पाठवावयाचे तर सुमारे ३ अब्ज बिट वाहावे लागतात; ‘फोर-के’ मॉनिटरला त्याच्या चौपट. म्हणूनच पुष्कळ स्वस्त हब फोर-के चित्र सेकंदास तीसच वेळा पाठवितात आणि माउसचा बाण अडखळत सरकतो. केवळ अक्षरे वाचावयाची असतील तर साधे मॉनिटर घेऊन पैसे वाचविण्यात काहीच कमीपणा नाही.

दुकानात जाताना लॅपटॉप आणि त्याचा चार्जर बरोबर न्यावा. दोन मॉनिटर तेथेच जोडून विंडोजची कळ व ‘पी’ एकत्र दाबावी आणि ‘एक्स्टेंड’ निवडावे. दोहोंवर निरनिराळे चित्र दिसले तरच पैसे मोजावेत. घरी आल्यावर मांडणीच्या सेटिंगमध्ये मॉनिटर मेजावर आहेत त्याच क्रमाने सरकवून ठेवावेत. नाही तर बाण उजवीकडे न्यावा आणि तो डावीकडच्या पडद्यावर उगवावा, असा प्रकार होतो.