मुलगा काय करतो? बोअर मारतो!

गेल्या उन्हाळ्यात आमच्या दादाला एक स्थळ सांगून आले होते. पोहे झाले, चहा झाला आणि मुलीच्या मामांनी ठरलेला प्रश्न विचारला, "मुलगा नेमकं काय करतो?" बाबा म्हणाले, "तेलाच्या विहिरी खोदणाऱ्या कंपनीत आहे. सध्या असिस्टंट ड्रिलर, पुढे ड्रिलर होईल." मामा क्षणभर विचारात पडले आणि म्हणाले, "म्हणजे बोअर मारतो की!" घरात हशा पिकला. दादाही हसला. स्थळ मात्र पुढे सरकले नाही. पगाराचा आकडा मामांना आवडला होता. अंगाला चिखल लागणारी नोकरी काही त्यांच्या पचनी पडली नाही.

तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात घोळतो आहे, कारण यंदा माझे शेवटचे वर्ष आहे. बाबांच्या मते मी बँकेच्या परीक्षेला बसावे. माझे मन दादाच्या वाटेकडे ओढ घेते. दोन्ही बाजू तपासताना जे सुचले ते मित्रांपुढे ठेवतो.

मामांचे तसे चुकलेही नव्हते. आपल्या बेळगाव तालुक्यात बोअर मारणे कोणी पाहिले नाही? तिरुचेनगोडची गाडी शेतात येते, रात्रभर घरघर चालते, पांढरी धूळ उडते आणि पाचशे-सहाशे फुटांवर पाणी लागले तर नारळ फुटतो. तेलाची विहीर ही त्याचीच थोरली बहीण. पण दोन-तीन किलोमीटर खोल जाणारी. शिवाय पाण्याच्या बोअरला पाणी वर आले की आनंद असतो. तेलाच्या विहिरीत खोदकाम चालू असताना खालचे तेल किंवा वायू आपणहून वर येऊ लागला, तर तो आनंद नव्हे, संकट असते.

हे संकट अडवून धरतो तो चिखल. मामांनी नाक मुरडले तोच! बेंटोनाइट, बराइट आणि पाणी यांचा हा मोजून-मापून केलेला चिखल नळ्यांतून खाली जातो, पात्याला थंड करतो, खडकाचा चुरा वर आणतो आणि मुख्य म्हणजे आपल्या वजनाने खालचा दाब दाबून धरतो. अकरावीत आपण 'पी बरोबर एच रो जी' हे सूत्र घोकले, परीक्षेत लिहिले आणि विसरलो. पाण्याच्या १.२ पट जड चिखल ३००० मीटर उभा असेल, तर तळाशी हवेच्या दाबाच्या सुमारे ३५० पट दाब पडतो. दादाला हे सूत्र रोज लागते. तो सांगतो, "त्या सूत्रावर पाळीतली सगळी माणसं उभी असतात."

कॉमर्सच्या मित्रांनीही ऐकावे. विहिरीतून नळ्या बाहेर काढताना, जेवढे लोखंड बाहेर आले तेवढीच चिखलाची पातळी खाली जाते. तेवढा चिखल पुन्हा आत भरावा लागतो आणि तो मोजून भरावा लागतो. हिशेबाने लागायला हवा त्यापेक्षा कमी लागला, तर त्याचा अर्थ असा की, त्या जागेत दुसरे काहीतरी शिरले आहे. जमाखर्च जुळला नाही की बँकेतला कारकून रात्री उशिरापर्यंत बसतो. इथे जमाखर्च जुळला नाही तर बसायलाही वेळ नसतो.

आता कोणी म्हणेल, हे सगळे अभियंत्यांचे काम. ते पूर्ण खरे नाही. अभियंत्यांची भरती पदवीवर आणि परीक्षेच्या गुणांवर होते. पण ब्रेक हातात धरणारा ड्रिलर पुष्कळदा तळापासून वर आलेला असतो. आधी सामान उचलणारा, साफसफाई आणि रंगकाम करणारा रूस्टअबाउट. मग नळ्या जोडणारा फ्लोअरमन. मग मनोऱ्यावर सात-आठ मजले उंचीवर उभा राहून नळ्या ओढून घेणारा, ज्याला आपल्याकडे टॉपमन म्हणतात. मग असिस्टंट ड्रिलर, ड्रिलर आणि त्यावर टूलपुशर. या शिडीला लिफ्ट नाही. दादा डिप्लोमा करून उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत लागला होता. तिथून राजस्थानात बाडमेरला रूस्टअबाउट म्हणून गेला. आज ११ वर्षे झाली, आणि अजून तो ड्रिलर झालेला नाही.

या धंद्याचे मोठेपण मला ज्या गोष्टीत दिसले ती सांगतो. एका रात्री दादाच्या पाळीत टाकीतली चिखलाची पातळी अचानक वाढलेली दिसली. म्हणजे खालून काहीतरी येत असावे. ड्रिलरने साहेबांना फोन केला नाही, कोणाची परवानगी मागितली नाही. सरळ विहीर बंद केली. मागून कळले की, दुसऱ्या टाकीचा एक व्हॉल्व्ह कोणीतरी उघडा ठेवला होता. कित्येक तास फुकट गेले. टूलपुशर झोपेतून उठून आला, सगळे पाहिले आणि ड्रिलरला म्हणाला, "उद्या पुन्हा असं दिसलं, तर पुन्हा असंच कर."

मला वाटते, हे एक वाक्य म्हणजे सगळा धंदा आहे. शंका आली की आधी विहीर बंद करायची, मग विचारायचे. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या रिगवर ११ माणसे गेली. त्या दिवशी चाचणीत जिथे दाब शून्य असायला हवा होता तिथे तो दिसत होता. अनुभवी माणसांनी त्याला एक पटेलसे कारण शोधले आणि काम पुढे चालू ठेवले. आपल्या देशातही २७ मे २०२० रोजी आसामात बागजानची विहीर उसळली, जूनमध्ये पेटली आणि ती पूर्ण आटोक्यात यायला नोव्हेंबर उजाडला. आकडा नको तो सांगत असेल तर आकड्यावर विश्वास ठेवायचा की साहेबांच्या घाईवर, हा प्रश्न ड्रिलरला कोणत्याही रात्री पडू शकतो.

आणि इथेच आपले शिक्षण मला तोकडे वाटते. पंधरा वर्षे आपण वर्गात बसलो. "सर, हे चुकतंय, थांबा" असे म्हणायला कोणी शिकवले? प्रयोगाचे उत्तर जुळले नाही की आपण शेजारच्याच्या जर्नलमधून आकडा उतरवतो. सूत्र येणारा विद्यार्थी हाताला काळे लागू देत नाही आणि ज्याचे हात काळे असतात त्याला सूत्र कोणी समजावून देत नाही. ड्रिलरला दोन्ही लागते. म्हणूनच त्याला विहीर-नियंत्रणाची परीक्षा एकदा देऊन भागत नाही; दर २ वर्षांनी पुन्हा द्यावी लागते. आपल्यापैकी किती जण दोन वर्षांपूर्वीचा पेपर आज पुन्हा देऊ शकतील?

पण मित्रहो, मी केवळ गोडवे गायला बसलेलो नाही. समुद्रावर गेले की साधारण १४ दिवस काम आणि १४ दिवस सुट्टी, आणि कामाच्या दिवसांत १२ तासांची पाळी. दिवाळी कोणत्या चौदा दिवसांत येईल ते दिवाळीलाच ठाऊक. आजी गेली तेव्हा दादा फलाटावर होता. तो दहाव्याला पोहोचला. २७ जुलै २००५ रोजी मुंबई हायवर एका जखमी कामगाराला हलवण्यासाठी आलेले जहाज फलाटाच्या वायुवाहिनीवर आदळले, आग लागली आणि २२ माणसे गेली. तो दिवस आईला तारखेनिशी पाठ आहे.

दुसरी गोष्ट, तेलाचा भाव. १९८६ साली तो कोसळला, २०१४ नंतर कोसळला आणि एप्रिल २०२० मध्ये तर अमेरिकेच्या बाजारात काही काळ शून्याखाली गेला. भाव पडला की रिग उभ्या राहतात आणि करारावरची माणसे घरी येतात. त्या वर्षी दादा ८ महिने पुन्हा उद्यमबागेत कामाला जात होता. पगाराचा आकडा सांगणारे हे आठ महिने सांगत नाहीत.

तिसरी गोष्ट, एजंट. दादाच्या एका सोबत्याने परदेशातल्या रिगवरच्या नोकरीसाठी एका एजंटाला दीड लाख रुपये मोजले. हाती आली ती खोटी प्रमाणपत्रे. नोकरीसाठी आधी पैसे मागणारा माणूस नोकरी विकत नसतो, आपली आशा विकत असतो. एवढे लक्षात ठेवले तरी या लेखाचे सार्थक झाले.

"तेल संपले की काय करशील?" असे बाबा मला विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण जमिनीला भोक पाडण्याची विद्या तेलापुरती नाही. लडाखमधल्या पुगा खोऱ्यात भूगर्भातील उष्णतेसाठी खोदकाम झाले. आपल्या जवळच, कोयना परिसरात, भूकंपाचा अभ्यास करण्यासाठी काळ्या कातळातून सुमारे ३ किलोमीटर खोल भोक पाडण्यात आले. तेल आज ना उद्या संपेल. खाली काय आहे हे पाहण्याची गरज संपणार नाही.

एक रुपयाच्या नोटेच्या मागे समुद्रातल्या एका फलाटाचे चित्र असते. तो 'सागर सम्राट'. फेब्रुवारी १९७४ मध्ये त्यानेच मुंबई हायचे तेल शोधले. ते चित्र देशाने नोटेवर छापले. पण त्या फलाटावर ब्रेक धरून उभ्या असलेल्या माणसाला आपण मुलगी द्यायला कचरतो!

दादाच्या रिगवर आसामी, गुजराती, तमिळ, कन्नड आणि मराठी माणसे एका पाळीत असतात. यंत्राच्या आवाजात कोणाचीच भाषा ऐकू येत नाही, म्हणून सगळे हाताच्या खुणांनी बोलतात. त्यांतली पहिली खूण नवख्याला शिकवतात ती 'थांब' ही. ती कोणीही करू शकतो, अगदी काल आलेला रूस्टअबाउटसुद्धा. आणि ती दिसली की सगळे थांबतात.

मी बँकेचा अर्ज भरला आहे, बाबांच्या समाधानासाठी. रिगमनच्या भरतीची जाहिरात निघाली की तोही भरणार आहे. निवड कुठे होईल ते पाहू. आपल्या महाविद्यालयाला मात्र एक विनंती आहे. दरवर्षी स्पर्धा परीक्षांवर व्याख्याने होतात. एकदा एखाद्या सुट्टीवर आलेल्या ड्रिलरलाही बोलवावे. इंग्रजी अडखळत बोलेल, पण 'एच रो जी' असे समजावील की पुन्हा कोणी विसरणार नाही.

— बी. एस्सी. अंतिम वर्ष