टॉवेल आणि पदकें

आमच्या इस्लामपूरच्या घरीं रात्रीं जेवणें आटोपलीं कीं दूरदर्शन-संचापुढें लहानथोर सारीं मंडळी जमतात. चित्रपट खुनाचा असला म्हणजे आमची तांबडी पेन्सिल मनांतल्या मनांत चालूं लागते; जन्माची खोड, जाणार कशी?

मागें २०१६ सालचा 'रुस्तम' पाहिला. १९५९ सालीं मुंबईंत कमांडर नानावटी ह्या नौदलाच्या अधिकाऱ्यानें पत्नीचा प्रियकर प्रेम आहुजा याजवर गोळ्या झाडल्या. त्या खटल्यावर, नांवें पालटून, हा चित्रपट बेतलेला आहे.

पहिली चूक धाकट्या नातवानें हेरली. नायकाच्या छातीवर कारगिलचें पदक! ती लढाई १९९९ ची. शिवाय नायकास नुसती मिशी. त्या काळीं नौदलांत मिशी हवी तर दाढीहि राखावी लागे. घरांत हशा पिकला. आम्हीं म्हटलें, ह्या शुद्धलेखनाच्या चुका. अर्धा गुण कापून पुढें जावें.

पुढें ज्यूरी नायकास निर्दोष ठरविते आणि तो सुटतो. येथें मात्र कोणीच हसलें नाहीं. उलट सर्वांस बरें वाटलें. वास्तविक ज्यूरीनें आठ विरुद्ध एक असा कौल दिला, तरी सत्र न्यायाधीशांस तो विपरीत वाटून त्यांनीं प्रकरण उच्च न्यायालयाकडे धाडलें. आहुजा नुकताच स्नान करून आलेला, कमरेस टॉवेल. बचाव असा कीं, झटापटींत गोळ्या सुटल्या. मग टॉवेल जागचा सुटला कसा नाहीं? १९६० सालीं जन्मठेप झाली, १९६१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती कायम केली. पुढें १९६४ सालीं मिळाली ती माफी. आणि माफी म्हणजे निर्दोषत्व नव्हे.

वहिनी म्हणाल्या, "भावोजी, गोष्टींत इतकें कोण पाहतो?" शूद्रक पाहत होता! 'मृच्छकटिकां'त वसन्तसेनेचें म्हणून भलत्याच प्रेताचा पुरावा न्यायालयांत येतो. पण झाड पडून एक स्त्री मेल्याची वार्ता कवीनें आधींच्या अंकांत सांगून ठेविली आहे.

आम्हांस खरा सल निराळाच आहे. चित्रपटांत मृत मनुष्य देशाच्या शस्त्रव्यवहारांतला लबाड, आणि त्याची बहीण सूडानें पेटलेली. आहुजाच्या खऱ्या बहिणीनें तर माफीस लेखी संमति दिली होती. तिच्या वाट्यास पडद्यावर हें यावें! नांव बदललें म्हणून काय झालें? कोणाविषयीं चाललें आहे, हें घरांतल्या पोरासोरांसहि कळत होतें.

आम्ही असे तावांत असतां कायदा शिकणारा आमचा पुतण्या हळूच म्हणाला, "काका, पण हा ज्यूरीचा शेवटचा खटला, असें तुम्हींच आम्हांला शिकविलें होतें ना?" शिकविलें होतें खरें. विधि आयोगानें १९५८ सालींच ज्यूरी बंद करण्याची शिफारस केली होती, आणि कायद्यांतून ती पुरती गेली १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनें. मधल्या वर्षांत कांहीं ठिकाणीं ज्यूरीपुढें खटले चालतच होते. किती वर्गांनीं तें वाक्य आमच्यावर विश्वासून वहींत उतरून घेतलें असेल, ह्याचा हिशेब करीत आम्ही त्या रात्रीं बराच वेळ जागे होतों.