हरणाचं मटण नव्हे, हरणाची सुकट

मिशिगन, विस्कॉन्सिन, पेनसिल्व्हेनियाकडे नोव्हेंबर उजाडला की शेजारपाजारच्या गॅरेजांतून लाकडाच्या धुराचा वास येऊ लागतो. शिकारीचा हंगाम सुरू झालेला असतो. थँक्सगिव्हिंगच्या आगेमागे एखाद्या मराठी घराच्या दारात शेजारी एक पुडकं आणून देतो. आत असतं धुरी दिलेलं हरणाचं मांस. घर शिरूर किंवा दौंडकडचं असेल तर दोनपैकी एक गोष्ट हमखास घडते. कुणीतरी म्हणतं, ‘हरीण? ते काय आपलं खाणं आहे का!’ आणि पुडकं फ्रीझरच्या तळाशी जातं. नाहीतर रविवारी मोठं पातेलं निघतं, वाटण पडतं आणि मटणासारखा रस्सा होतो: खारट, चिवट, वर तर्री नाही. मग सगळ्यांचं एकमत होतं, की बोकडाची सर कशालाच नाही.

या दोन्ही वागण्यांत चूक आहे. हरणाचं मांस शिरूर-दौंडच्या माणसाला परकं नाही, आणि धुरी दिल्यावर ते मटणही राहत नाही. मराठी स्वयंपाकघरात त्याची जागा सुकट-बोंबलाच्या डब्याशेजारी आहे: थोडं घ्यायचं, चवीला घालायचं, चौघांत पुरवायचं.

परकेपणाचा मुद्दा आधी घेऊ. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने तिथे 1968 ते 1983 या काळात उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी ही त्यातली मोठी नावं. साधारण 3600 ते 2700 वर्षांपूर्वी इथे शेतकऱ्यांची वस्ती होती. ती माणसं बार्ली, गहू, डाळी, तीळ खात. बोरं, आवळे, जांभळंही खात. घरांभोवती गाय-बैल आणि शेळ्या-मेंढ्यांच्या हाडांबरोबर सांबर, चितळ आणि काळविटाची हाडं सापडली. यातल्या बऱ्याच हाडांवर कापल्याच्या खुणा आहेत. वस्तीच्या शेवटच्या काळात, म्हणजे इसवी सनपूर्व 1000 ते 700 च्या दरम्यान, घरं लहान आणि गोल झाली, शेती ढासळली आणि शिकारीवरची भिस्त वाढली, असं उत्खननकारांनी मांडलं. त्याचं कारण त्यांनी अवर्षणाला दिलं. या कारणावर पुढे अभ्यासकांत मतभेद झाले, पण हाडं जागेवरच आहेत. शिरूरच्या माणसाच्या ताटात हरीण कधी नव्हतंच, असं म्हणायला जागा उरत नाही.

मग लगेच दुसरं टोक गाठणारे भेटतात. पूर्वी खात होते, अमेरिकेत खातात, तर गावी का नको? याचं उत्तर दौंडच्या माळावर उभं आहे. दौंड, बारामती, इंदापूर, शिरूर हा पट्टा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. इथली नैसर्गिक संपत्ती म्हणजे गवताळ माळ, आणि त्यावर चिंकारा, लांडगा, खोकड. दौंडच्या शिवेजवळ सुप्याला चिंकाऱ्यांसाठी मयूरेश्वर अभयारण्य आहे. त्याचा विस्तार जेमतेम पाच चौरस किलोमीटर, म्हणजे एखाद्या मोठ्या गावाच्या शिवारापेक्षाही कमी. पलीकडे कर्जत तालुक्यात काळविटांसाठी रेहेकुरी आहे; ते तर सव्वादोन चौरस किलोमीटरही भरत नाही. भोवतालचा माळ कालव्याच्या पाण्याने उसाखाली गेला, कुठे औद्योगिक वसाहतीत गेला, कुठे ‘पडीक’ म्हणून खड्डे घेऊन झाडं लावण्यात गेला. मोकाट कुत्र्यांचा त्रास वेगळाच.

चिंकारा आणि काळवीट दोघेही 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. शिकारीला तीन ते सात वर्षं कैद आणि वर दंड अशी शिक्षा आहे. मांस जवळ बाळगणं हाही गुन्हाच.

अमेरिकेतलं चित्र याच्या अगदी उलट आहे. पांढऱ्या शेपटीची हरणं तिथेही 1900 च्या सुमाराला संपत आली होती. बाजारासाठी होणारी शिकार बंद झाली, परवाने आले, हंगाम ठरले आणि आज त्यांची संख्या तीन कोटींच्या घरात आहे. लांडगे बहुतेक राज्यांतून नाहीसे झाल्यामुळे त्यांना आवरायला शिकारी उरला तो मुख्यतः माणूसच. ती रोपवनं खातात, बागा फस्त करतात, रस्त्यावर गाड्यांना धडकतात. रानातल्या हरणाचं मांस तिथे विकता येत नाही, शेजाऱ्याला भेट मात्र देता येतं. दुकानात मिळतं ते बहुतेक न्यूझीलंडच्या शेतांवर पाळलेल्या हरणांचं. म्हणून मिशिगनमध्ये हरीण खाणारा आणि गावी गेल्यावर दौंडच्या ढाब्यावर ‘आतलं काही मिळेल का’ असं विचारणाऱ्याला झापणारा माणूस एकच असू शकतो. त्यात दुटप्पीपणा काहीच नाही. दोन्हीकडची जमीन वेगळी आहे, इतकंच.

आता पोषणाकडे. अमेरिकन मासिकं हरणाच्या मांसाचं फार कौतुक करतात: चरबी कमी, प्रथिनं भरपूर. ते खरं आहे, पण त्यांची तुलना बर्गरच्या बीफशी असते. त्या खिम्यात शंभर ग्रॅममागे वीस ग्रॅमपर्यंत चरबी असते. शिरूरचा माणूस वाढलेला असतो बोकडावर. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यांनुसार 100 ग्रॅम कच्च्या हरणाच्या मांसात सुमारे 23 ग्रॅम प्रथिनं आणि 2.4 ग्रॅम चरबी असते. बोकडाच्या मांसात सुमारे 21 ग्रॅम प्रथिनं आणि 2.3 ग्रॅम चरबी. म्हणजे दोघं तोडीस तोड. कोलेस्टेरॉल तर हरणातच जास्त, 85 मिलिग्रॅम, बोकडात 57. मटणाच्या रश्शावर दिसणारा तेलाचा थर बहुतेक वेळा फोडणीतून आणि खाटकाने वर टाकलेल्या चरबीच्या तुकड्यांतून आलेला असतो. त्याचं खापर बोकडाच्या माथी मारण्यात अर्थ नाही. ‘मटण सोडलं, आता हरीण खातो, तब्येतीला बरं’ हा हिशेब मराठी घरात बसत नाही.

हरणाचं खरं बळ लोहात आहे. 100 ग्रॅममध्ये सुमारे 3.4 मिलिग्रॅम, आणि ते शरीराला सहज पचणाऱ्या रूपात. हा मुद्दा शिरूर-दौंडच्या बायकांसाठी किरकोळ नाही. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. बाजरीत लोह भरपूर असतं, पण तिच्यातलं फायटेट ते धरून ठेवतं आणि शरीराला त्यातलं थोडंच लागू पडतं. शेजारच्या नगर जिल्ह्यात शाळेच्या वसतिगृहांतल्या 12 ते 16 वर्षांच्या मुलामुलींना सहा महिने जास्त लोहाच्या बाजरीची भाकरी देऊन पाहिली, तेव्हा सुरुवातीला लोह कमी असलेल्यांची स्थिती साध्या बाजरीपेक्षा लवकर सुधारली. मांस सोबत असलं की धान्यातलं लोहही जास्त शोषलं जातं. म्हणून बाजरीच्या दोन भाकऱ्या आणि थोडंसं हरणाचं मांस हे जेवण आहारशास्त्राच्या हिशेबानेही चोख आहे. यात ‘थोडंसं’ महत्त्वाचं. हे काम करायला पाव किलो लागत नाही.

आणि धुरी दिलेल्या मांसाच्या बाबतीत पाव किलो चालतही नाही.

थंड, दमट मुलखात मांस उन्हात वाळत नाही, म्हणून तिथे धूर आला. आधी मीठ मांसातलं पाणी ओढून घेतं, मग धुरातली फिनॉलसारखी द्रव्यं जंतूंना आणि खवटपणाला अडवतात. उत्तर स्वीडनमधले सामी लोक रेनडियरचं मांस असंच टिकवतात. शिरूर-दौंडला एप्रिल-मेच्या उन्हाने धुराची गरजच ठेवली नाही. मराठवाड्यात मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवून ‘चान्या’ करत. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ या पुस्तकात दलित स्वयंपाकघरांतल्या अशा खाण्याची दखल घेतली आहे. वाळवलेलं मांस पुरवून पुरवून खायचं असतं हे शहाणपण महाराष्ट्रात जुनंच आहे.

या शहाणपणाला आता वैद्यकाचाही आधार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. खारवलेलं आणि धुरी दिलेलं मांस त्यातच येतं. रोज 50 ग्रॅम खाण्याने मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका, न खाणाऱ्याच्या तुलनेत, 18 टक्क्यांनी वाढतो असा तो निष्कर्ष आहे. मिठाचंही तसंच. प्रौढ माणसाने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, म्हणजे सोडियम दोन ग्रॅमच्या आत ठेवावं, असं हीच संघटना सांगते. बाजारातल्या जर्कीच्या, म्हणजे खारवून वाळवलेल्या मांसाच्या, 100 ग्रॅमच्या पाकिटात जवळजवळ तेवढं सोडियम असतं. लोणचं, पापड, शेंगदाण्याची चटणी यांचं मीठ आधीच असलेल्या ताटात त्याची भर घालायची, तर बेताने घालायला हवी. अधूनमधून, चवीपुरतं खाणाऱ्याने यामुळे घाबरून जायचं कारण नाही. जर्कीचं पाकीट रोज गाडीत ठेवणाऱ्याने मात्र विचार करावा.

स्वयंपाकाची रीत यातूनच ठरते. चौघांसाठी दीडशे ग्रॅम मांस पुरे. हरणाची चरबी मेणचट असते, गार झाली की टाळूला चिकटते आणि उग्र वासही बराचसा तिचाच. तेव्हा पांढरं दिसेल ते सगळं सुरीने काढून टाकावं. उरलेल्या मांसाचे रेषेच्या आडवे पातळ काप करून अर्धा तास कोमट पाण्यात ठेवावेत आणि ते पाणी फेकून द्यावं. मग ताज्या पाण्यात, हळद आणि ठेचलेला लसूण घालून, मटणाचं अळणी करतात तसं शिजवावं. मीठ अजिबात नको. पंधरा मिनिटांनी चमचाभर पाणी चाखलं की मांसात किती मीठ होतं ते कळतं, आणि पुढच्या मिठाचा निर्णय तिथेच होतो. मांडीचे काप असतील तर बोटाने रेषा सुटेपर्यंतच शिजवावेत. नळीचं मांस असेल तर कुकरच्या पाच-सहा शिट्ट्या.

या पाण्यात सगळ्यात चांगली शिजतात ती हुलग्याची शेंगोळी. हुलग्याचं पीठ लसूण, जिरं, मिरची घालून घट्ट मळायचं, हातावर वळून कडी करायची आणि उकळत्या पाण्यात सोडायची. शेंगोळ्यांना स्वतःचा मातकट, भाजका स्वाद असतो. धुराशी त्याचं जमतं. दुसरी वाट वांगं-सुकटीची: सुकटीच्या जागी हाताने पिंजलेलं मांस, फोडणीत कांदा सढळ, भाजलेलं सुकं खोबरं आणि एक चमचा काळा मसाला. लवंग-दालचिनी जास्त झाली तर धुराचा वास दबतो, आणि मग धुरी दिलेलं मांस आणण्यात काही मतलब राहत नाही. फोडणीला तेल नेहमीपेक्षा थोडं जास्त लागेल, कारण मांसाची स्वतःची चरबी काढून टाकलेली असते. वाढायचं मात्र कढत.

पुडकं घेताना शेजाऱ्याला तीन गोष्टी विचारायला संकोच नसावा. चांगल्या शिकाऱ्याला त्यांचा राग येत नाही. पहिली, हरणाची ‘सीडब्ल्यूडी’ची (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) चाचणी झाली का? मेंदू पोखरणारा हा रोग कोलोरॅडोत 1967 मध्ये प्रथम दिसला आणि 2002 मध्ये विस्कॉन्सिनमध्ये आढळला. तो माणसाला झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, पण त्याचं कारण असलेला प्रथिन-कण शिजवून किंवा धुरी देऊन नष्ट होत नाही. रोग निघालेल्या हरणाचं मांस खाऊ नये, असं सीडीसीचं, म्हणजे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचं, सांगणं आहे. दुसरी, गोळी शिशाची होती की तांब्याची? नॉर्थ डकोटात 2008 मध्ये दान आलेल्या हरणाच्या खिम्यात शिशाचे कण सापडले, तेव्हा अन्नछत्रांना ते मांस टाकून द्यायला सांगण्यात आलं. शिशाच्या गोळीने मारलेलं हरीण गरोदर स्त्रियांनी आणि सहा वर्षांखालच्या मुलांनी खाऊ नये, असा सल्ला तिथल्या आरोग्य खात्याने दिला.

तिसरी, धुरी गरम होती की थंड? ओरेगनमध्ये 1995 साली घरी केलेल्या हरणाच्या जर्कीतून ई. कोलायची साथ पसरली होती. मांस वाळलं होतं, पण आतून पुरेसं तापलंच नव्हतं. शेजाऱ्याला नक्की सांगता येत नसेल तर ते मांस कच्चंच आहे असं धरून चालावं, कापून तसंच तोंडात टाकू नये आणि आतपर्यंत 71 अंश सेल्सिअस तापेल असं शिजवावं. वर सांगितलेल्या शेंगोळ्यांच्या उकळीत तेवढं तापमान आपोआप गाठलं जातं. महाराष्ट्र मंडळाच्या सहभोजनाला असा पदार्थ नेणाऱ्याने भांड्यावर ‘हरीण, धुरी दिलेलं’ एवढी चिठ्ठी लावावी. मिठाचं पथ्य असलेल्यांना, गरोदर असलेल्यांना आणि मुलांच्या आयांना मग काय वाढून घ्यायचं ते ठरवता येतं.