उपास असू द्या, पण कामाचाही हिशेब धरा

श्रावण लागला की रानात खुरपणीची घाई आणि घरात उपासांची रांग, दोन्ही एकदमच येतात. सोमवार झाला, शनिवार झाला, एकादशी झाली, की पुढे नवरात्राचे नऊ दिवस उभेच. कितीतरी मायबहिणी या दिवसांत कपभर चहावर रानात जातात आणि दुपारी बांधावर डोके धरून बसतात. ‘उपास आहे, सोसलं पाहिजे,’ असे म्हणून घरचेही ते सोडून देतात. उपास हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग, त्यात आम्ही पडत नाही. पण उपाशी अंगाने काम कोणते करावे आणि कोणते ठेवून द्यावे, एवढे मात्र ठरवता येते.

शरीराचा कारभार आपल्या घरासारखाच असतो. हाताशी लागणारे धान्य कणगीत, अडीअडचणीचे पेवात. खाल्लेल्या अन्नातली थोडी साखर यकृतात आणि स्नायूंत साठते, ती कणगी. जास्तीचे चरबी होऊन बसते, ते पेव. रात्री जेवून निजले की सकाळपर्यंत यकृतातली कणगी बरीच उतरते आणि शरीर पेव उघडू लागते. पण जड कामाला कणगीतलेच झटपट लागते, पेवातले सावकाश निघते. म्हणून उपाशीपोटी निवडणे-टिपणे जमून जाते, आणि डोक्यावर भारा घेऊन चढ चढताना पाय लटपटतात.

जो रोज ठरल्या वेळीच जेवतो, त्याचे अंग दोन-तीन आठवड्यांत पुष्कळसे सरावते. महिन्यातून एखादा उपास करणाऱ्याला दर खेपेस नव्याने सोसावे लागते. अशांनी आदल्या रात्री भाकरी, डाळ-उसळ असे पोटभर जेवावे. उद्या उपास म्हणून आज अर्धपोटी निजू नये.

उपासाच्या दिवशी कष्टाचे काम सकाळच्या गारव्यात उरकावे. दुपारी सावलीतले, बसून करायचे काम घ्यावे. औषधाची फवारणी मात्र त्या दिवशी ठेवूच नये. रिकाम्या पोटी फवारणी करणे केव्हाही वाईट. विहिरीच्या काठावरचे, मळणीयंत्राजवळचे, झाडावर चढायचे कामही दुसऱ्या दिवशी. तिथे भोवळ आली तर जिवावर बेतते.

आता फराळाचे. साबुदाणा म्हणजे कंदापासून केलेले निव्वळ पिष्ट. त्याने पोट भरल्यासारखे वाटते, पण अंगाला धरणारी प्रथिने त्यात नावापुरतीच असतात. खिचडी करायचीच तर शेंगदाण्याचे कूट सढळ हाताने घाला. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात. त्याहून बरे म्हणजे भगर आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, दूध, दही, केळे. संध्याकाळी उपास सोडताना एकदम ताटभर तळलेले खाऊ नका. आधी थोडे ताक प्या, मग सावकाश जेवा.

पाण्याकडे दुर्लक्ष होते ते निराळेच. रोजच्या जेवणातूनही बरेच पाणी पोटात जाते, ते उपासाला बंद होते. मग डोके दुखते आणि आपण पुन्हा चहा पितो. निर्जळी नसेल तर तांब्या जवळ ठेवून थोडे थोडे पाणी पीत राहा. मीठ-साखरेचे लिंबूपाणी किंवा ताक घ्या. मीठ चालत नसेल तर सैंधव घाला.

काहींनी मात्र उपास करूच नये: गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया, लहान मुले, आजारातून नुकते उठलेले. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. गोळी घेऊन उपाशी राहिले तर रक्तातली साखर एकाएकी उतरते. घाम फुटतो, हातपाय थरथरतात, बोलणे तुटक होते. शुद्ध असेल तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळून पाजा. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, वाहन करून दवाखाना गाठा. आपल्या मनाने गोळी बंद करणेही तितकेच धोक्याचे.

हल्ली गावातही ‘दिवसातून दोनदाच जेवायचे’ ही पद्धत आली आहे. डॉ. श्रीकांत जिचकारांनी सांगितलेली ती पद्धत डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी महाराष्ट्रभर पोचवली. वजन वाढलेल्या, बैठ्या कामाच्या माणसाला तिचा उपयोग होईल. दिवसभर खुरपे धरणाऱ्या, मुळातच काटक बाईने ती कशाला धरावी?

शेवटची गोष्ट घरातल्या पुरुषांसाठी. उपास करणारी बहुधा घरची बाईच असते, आणि त्या दिवशी तिच्यामागे एकाऐवजी दोन स्वयंपाक असतात: तिचा फराळ आणि तुमची भाकरी. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वर्षांच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. अशा अंगावर उपास, रान आणि दोन चुली, हे ओझे फार होते. येत्या सोमवारी घरभर एकच भगर-आमटी करायला सांगा, पाण्याच्या दोन घागरी तुम्ही आणा आणि जड पाटी तिच्या डोक्यावर देऊ नका. उपासाचे पुण्य तिला मिळेलच, थोडे तुमच्याही पदरात पडेल.