उंदीरमामा आणि आमची गाडी

मी कॉन्व्हेंटची, तेव्हा मराठीत चुकले तर सांभाळून घ्या! गेल्या पावसाळ्यात आमची गाडी तीन आठवडे पार्किंगमध्ये उभी होती. बाबांनी किल्ली फिरवली, गाडी ढिम्म. बॉनेट उघडलं तर आत चिंध्या-कागदांचं घरटं आणि कुरतडलेल्या वायरी! उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतात, ते झिजवायला त्याला कुरतडावंच लागतं. त्यात आपण त्याला कोरडी, सुरक्षित जागा दिली.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये विष टाकायचं ठरलं. उंदीर मेले. पण विष खाल्लेला उंदीर खाऊन आमची मनीसुद्धा गेली. जी फुकटात उंदीर पकडायची, तिलाच आपण मारलं!

माझं मत स्पष्ट आहे, विष हा उपाय नाही. पार्किंगशेजारचा कचऱ्याचा डबा हलवा, गाडीत खाऊ ठेवू नका, गाडी अधूनमधून फिरवा, बॉनेट उघडून बघत जा. आपण इंजिनियर होणार ना? मग आधी बिघाडाचं मूळ शोधू या.

हे मला मीटिंगमध्येच बोलायचं होतं. मी गप्प बसले. तुम्ही बसू नका.