दार मिटेल, माणसे कोठे जातील?

मुंब्र्याच्या वळणावर ९ जून २०२५ रोजी सकाळी दोन लोकल गाड्या शेजारून जात असता दारांत लोंबकळणारे प्रवासी रुळांवर कोसळले. चौघांनी त्याच दिवशी प्राण सोडले. ‘दारात उभे राहू नका’ हा उपदेश फलाटांवरील ध्वनिक्षेपक त्यापूर्वीही करीत होते आणि आजही करीत आहेत.

उपदेश चुकीचा नाही. परंतु सकाळी डोंबिवलीस किंवा दिव्यास गाडी पकडणाऱ्या चाकरमान्यास दार आणि आतील मोकळी जागा यांतून निवड करावयाची नसते. दार आणि ‘लेटमार्क’ यांतून करावयाची असते. गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसे उभी असतात. हे मोजमाप रेल्वेच्याच परिभाषेतील आहे. तेथे त्यास एक भारदस्त इंग्रजी नावही आहे!

मुंबई उच्च न्यायालयापुढे २०२४ मध्ये आलेल्या आकड्यानुसार २०२३ या एका वर्षात उपनगरी मार्गांवर २५९० माणसे मरण पावली. दिवसाला सरासरी सात. त्यांत रूळ ओलांडणारे पुष्कळ असतात, आणि जिन्याचे कष्ट वाचविण्यासाठी जीव पणास लावणाऱ्यांची तरफदारी आम्ही करणार नाही. पण २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आजच्या प्रभादेवी, स्थानकाच्या जिन्यावर जे २३ जण चेंगरून मेले, ते नियमाप्रमाणे पुलाचीच वाट वापरीत होते.

मुंब्र्याच्या दुर्घटनेनंतर बिनवातानुकूलित गाड्यांनाही आपोआप मिटणारी दारे बसविण्याचे रेल्वेने जाहीर केले. श्वास कोंडू नये म्हणून दारांना झडपा, छतावर हवा खेळविणारी यंत्रे आणि एका डब्यातून दुसऱ्यात जाण्याची वाट, अशी ही योजना आहे. तिचे आम्ही स्वागत करतो. मात्र दार मिटले म्हणून बाहेर लोंबकळणारी माणसे नाहीशी होत नाहीत. ती फलाटावर राहतात. तुडुंब भरलेला फलाट आणि अरुंद जिना एकत्र आले म्हणजे काय होते, हे एल्फिन्स्टनने दाखविले आहे. शिवाय दार मिटण्यास प्रत्येक स्थानकावर काही सेकंद अधिक लागणार. जेथे गाडी जेमतेम अर्धा मिनिट थांबते, तेथे हेच सेकंद साचून ऐन गर्दीतील एखादी फेरी गिळून टाकतील. पश्चिम रेल्वेवर पहिली वातानुकूलित लोकल २५ डिसेंबर २०१७ रोजी धावली, तेव्हापासून दारात माणसे दाटल्यामुळे गाडी खोळंबण्याचा अनुभव प्रवासी घेत आले आहेत.

नव्या मार्गिका एका वर्षात उभ्या राहत नाहीत. कचेऱ्यांच्या वेळा बदलण्यास मात्र एक परिपत्रक पुरते. मध्य रेल्वेने २०२३ मध्ये आपल्या मुंबईतील कचेरीच्या वेळा विभागल्या आणि इतर आस्थापनांनाही तशी विनंती केली. मंत्रालय, महापालिका, बँका व विमा कंपन्या यांनी ती मनावर घ्यावी. आणि रेल्वेने बंद दारांच्या गाड्यांचा गाजावाजा करताना, सकाळी आठ ते दहा या वेळेत कल्याणहून निघणाऱ्या फेऱ्या किती वाढल्या, तो आकडाही वेळापत्रकात छापावा.